स्प्रिंगफील्डचे वकील अब्राहम लिंकन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अब्राहम लिंकन यांचे नाव काढले की राष्ट्राध्यक्षपद, यादवी युद्ध आणि गुलामगिरीचा अंत एवढेच बहुतेकांच्या डोळ्यांसमोर येते. त्याआधी सुमारे चोवीस वर्षे, म्हणजे १८३७ पासून १८६१ पर्यंत, हे गृहस्थ इलिनॉय राज्यातील स्प्रिंगफील्ड या लहानशा शहरात वकिली करत होते आणि त्या शहराच्या सार्वजनिक कामांत वावरत होते. पुढची प्रश्नोत्तरे त्या वर्षांविषयी आहेत. राष्ट्राध्यक्ष लिंकन यांची थोरवी मागे ओढून वकील लिंकन यांच्यावर चढवण्याचा मोह अनेक चरित्रकारांना आवरलेला नाही. येथे तो टाळला आहे.

लिंकन राहायला आले तेव्हा स्प्रिंगफील्ड कसे होते?

१८३७ मध्ये गावाची वस्ती दीड हजाराच्या आसपास होती. इलिनॉयला राज्याचा दर्जा मिळून एकोणीसच वर्षे झाली होती, आणि सॉक या मूळ अमेरिकी जमातीच्या ब्लॅक हॉक या नेत्याविरुद्धचे युद्ध संपून पाच वर्षेही उलटली नव्हती. त्या युद्धात लिंकन स्वयंसेवकांच्या तुकडीचे कप्तान होते, पण त्यांना प्रत्यक्ष लढाई दिसली नाही. गावातले रस्ते मातीचे होते, पावसाळ्यात तेथे चिखल होई आणि डुकरे मोकाट फिरत. मधल्या चौकाभोवती दुकाने, खानावळी आणि वकिलांच्या कचेऱ्या होत्या. १८४० च्या जनगणनेत लोकसंख्या २,५७९ भरली, १८५० मध्ये ४,५३३ आणि १८६० मध्ये ९,३२०. लिंकन यांची वकिली या वाढीबरोबरच वाढली, हे ध्यानात ठेवले तर पुढच्या बऱ्याच गोष्टी उलगडतात.

औपचारिक शिक्षण नसताना त्यांना वकिलीची सनद कशी मिळाली?

त्या काळी सीमेवरच्या राज्यांत कायद्याच्या महाविद्यालयात जाणे ही अट नव्हती. उमेदवार एखाद्या वकिलाच्या हाताखाली किंवा स्वतःच्या बळावर पुस्तके वाचत असे, चारित्र्याचा दाखला मिळवत असे आणि मग राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश सनद देत. न्यू सेलम या खेड्यात राहत असताना लिंकन यांना जॉन टॉड स्टुअर्ट या वकिलाने कायदा शिकण्यास उद्युक्त केले आणि स्वतःची पुस्तके वाचायला दिली. इंग्रजी कायद्यावरील ब्लॅकस्टोन यांचे भाष्य हा तेव्हा सर्वच उमेदवारांचा पायाभूत ग्रंथ होता आणि लिंकन यांनीही तोच घोकला. ९ सप्टेंबर १८३६ रोजी त्यांना सनद मिळाली, १ मार्च १८३७ रोजी वकिलांच्या यादीत नाव चढले आणि १५ एप्रिलला ते स्प्रिंगफील्डला आले. जोशुआ स्पीड यांच्या दुकानाच्या माडीवर त्यांना आसरा मिळाला. वेगळ्या पलंगाचे पैसे नसल्यामुळे दोघे एकाच पलंगावर झोपत, आणि त्या काळात त्यात कोणालाही वावगे वाटत नसे.

त्यापूर्वीचा एक तपशील येथे सांगायला हवा. न्यू सेलममध्ये बेरी नावाच्या भागीदाराबरोबर काढलेले किराणा दुकान बुडाले, भागीदार वारला आणि सगळे देणे लिंकन यांच्या अंगावर आले. सावकाराने दावा लावला, निकाल विरुद्ध गेला, आणि लिंकन यांचा घोडा, खोगीर व जमीन मोजणीची साधने जप्तीत गेली. ती साधने म्हणजे त्यांच्या पोटाचे साधन होते, कारण ते तेव्हा काउंटीचे, म्हणजे राज्यातल्या जिल्ह्यासारख्या विभागाचे, साहाय्यक मोजणीदार होते. जेम्स शॉर्ट या शेजाऱ्याने लिलावात ती विकत घेतली आणि परत त्यांच्या हाती ठेवली. पुढे ज्या वकिलाच्या कामात कर्जवसुलीच्या दाव्यांचा मोठा भरणा झाला, तो स्वतः कधीकाळी अशा दाव्यातला प्रतिवादी होता.

राजधानी स्प्रिंगफील्डला आणण्यात त्यांचा वाटा किती होता?

बराच, पण तो एकट्याचा नव्हता. लिंकन १८३४ पासून लागोपाठ चार वेळा राज्याच्या विधिमंडळावर निवडून गेले. १८३६ मध्ये स्प्रिंगफील्ड ज्यात येते त्या सँगॅमन काउंटीतून दोन सिनेटर आणि सात प्रतिनिधी मिळून जे नऊ जण गेले, ते सगळेच उंचेपुरे असल्यामुळे त्यांना ‘लाँग नाइन’ असे टोपणनाव पडले. नऊ जणांच्या उंचीची बेरीज ५४ फूट भरत असे, असे सांगितले जाते. राजधानी तेव्हा व्हँडेलिया येथे होती. २८ फेब्रुवारी १८३७ रोजी झालेल्या मतदानात चौथ्या फेरीत स्प्रिंगफील्डची निवड झाली.

त्याच अधिवेशनात रस्ते, कालवे आणि रेल्वेमार्ग यांसाठी सुमारे एक कोटी डॉलरची अवाढव्य योजना मंजूर झाली होती. सँगॅमनच्या प्रतिनिधींनी या योजनेला मते देऊन बदल्यात राजधानीसाठी मते मिळवली, असा आरोप तेव्हापासून होत आला आहे. अशी सरळ देवाणघेवाण झालीच, हे सिद्ध करणे अवघड आहे. पण लिंकन यांनी त्या योजनेला मनापासून पाठिंबा दिला होता, आणि १८३७ च्या आर्थिक मंदीनंतर ती कोसळून राज्य कर्जात बुडाले, या दोन्ही गोष्टी निर्विवाद आहेत. त्यांच्या सार्वजनिक कारकिर्दीतील ही पहिली मोठी चूक म्हणावी लागेल.

राजधानीच्या बदल्यात गावाने ५०,००० डॉलर देण्याचे कबूल केले होते. मंदीत शेवटचा हप्ता भरणे जड गेले, तेव्हा १०१ नागरिकांनी वैयक्तिक जबाबदारीवर कर्जाच्या वचनचिठ्ठीवर सह्या केल्या. त्यांत लिंकन यांचीही सही होती, आणि ज्या माणसावर जुन्या दुकानाचे देणे होते त्याने असे करणे हे धाडसच होते. १८३९ मध्ये ते गावाच्या विश्वस्त मंडळावरही होते.

राजधानीमुळे वकिलांचे मात्र भले झाले. राज्याचे सर्वोच्च न्यायालय आणि संघराज्याचे न्यायालय दोन्ही स्प्रिंगफील्डला आली, बाहेरगावचे वकील आपली अपिले चालवण्यासाठी स्थानिक वकील शोधू लागले, आणि लिंकन यांना हे काम आयुष्यभर पुरले. सर्वोच्च न्यायालयात त्यांनी तीनशेहून अधिक प्रकरणे चालवली.

त्यांचे भागीदार कोण होते?

तिघे. १८३७ ते १८४१ जॉन टॉड स्टुअर्ट, १८४१ ते १८४४ स्टीफन लोगन आणि त्यानंतर विल्यम हर्नडन. स्टुअर्ट यांचे लक्ष राजकारणात होते, त्यामुळे नवख्या लिंकन यांच्यावरच कचेरी पडली. कज्जाची कसून तयारी करण्याची शिस्त त्यांना लोगन यांच्याकडून लागली. हर्नडन वयाने नऊ वर्षांनी लहान, पण मिळकतीची वाटणी निम्मी निम्मी होती. १८६१ मध्ये वॉशिंग्टनला निघताना लिंकन यांनी कचेरीची पाटी तशीच राहू द्यायला सांगितले, अशी आठवण हर्नडन यांनी नोंदवली आहे.

कचेरीच्या टापटिपीत दोघांनाही रस नव्हता. लिंकन महत्त्वाची कागदपत्रे आपल्या उंच टोपीत ठेवत. कागदांच्या एका गठ्ठ्यावर त्यांनी, दुसरीकडे कोठेच सापडले नाही तर येथे बघावे, अशा अर्थाची सूचना लिहून ठेवली होती. आजच्या कोणत्याही जिल्हा न्यायालयातल्या कारकुनाला ही पद्धत ओळखीची वाटेल.

फिरते न्यायालय म्हणजे काय, आणि लिंकन त्याबरोबर का हिंडत?

विरळ वस्तीच्या प्रदेशात प्रत्येक काउंटीला पूर्णवेळ न्यायाधीश परवडत नसे. म्हणून अनेक काउंट्यांचे मिळून एक मंडळ केले जाई आणि एकच न्यायाधीश वसंतात व शरदात एकेक ठाणे, म्हणजे काउंटीचे मुख्य गाव, घेत त्या मंडळातून फिरे. लिंकन ज्या आठव्या मंडळात काम करत, त्यात एकेकाळी चौदा काउंट्या होत्या. प्रत्येक ठाण्यावर दोन-चार दिवस ते आठवडाभर काम चाले आणि पूर्ण फेरीला दहा-अकरा आठवडे लागत. वकील मंडळी न्यायाधीशांच्या मागोमाग घोड्यावरून किंवा बग्गीतून निघत. वाटेत पूल नसलेले ओढे असत आणि प्रेअरीवर, म्हणजे गवताळ माळरानावर, मैलोगणती घर दिसत नसे.

ठाण्यावर पोहोचल्यावर खरी धावपळ सुरू होई. न्यायालय भरले की आजूबाजूच्या शेतकऱ्यांचा बाजारच जमे: ज्युरीत बसायला आलेले, साक्षीदार, घोड्यांचे व्यापारी आणि नुसतीच मौज पाहायला आलेले. स्थानिक वकील आपल्या अशिलाला घेऊन येत आणि लिंकन यांना सोबत उभे राहायला सांगत. दाव्याची कागदपत्रे तासाभरात तयार करायची, कैफियत लिहायची आणि दुपारी ज्युरीसमोर उभे राहायचे, अशी ती वकिली होती. जवळ ग्रंथालय नसे. त्यामुळे पाठ असलेली तत्त्वे, माणसांची पारख आणि साध्या भाषेत बोलण्याचे कसब यांवरच भिस्त ठेवावी लागे.

रात्री एकाच खानावळीत न्यायाधीश, दोन्ही बाजूंचे वकील आणि कधीकधी पक्षकारही उतरत. एका खोलीत अनेक जण आणि एका पलंगावर दोघे, ही नेहमीची व्यवस्था होती. १८४८ पासून या मंडळाचे न्यायाधीश असलेले डेव्हिड डेव्हिस यांचे वजन तीनशे पौंडांच्या वर असल्यामुळे त्यांना मात्र सहसा स्वतंत्र पलंग मिळे. डेव्हिस गैरहजर असले की इतरांच्या संमतीने लिंकन न्यायाधीशाच्या खुर्चीवर बसून किरकोळ कामे चालवत.

बरेच वकील जवळच्या दोन-तीन काउंट्या करून घरी परतत, पण लिंकन पूर्ण फेरी करत. काही चरित्रकार याचे कारण संसारातल्या कुरबुरींत शोधतात. मला ते अपुरे वाटते. फी मिळत होती, आणि त्यापेक्षा महत्त्वाचे म्हणजे चौदा काउंट्यांतले मतदार, संपादक आणि पुढारी नावाने ओळखीचे होत होते. १८६० मध्ये रिपब्लिकन पक्षाच्या शिकागो येथील अधिवेशनात त्यांना राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी मिळवून देण्यासाठी झटणाऱ्यांचे नेतृत्व याच डेव्हिस यांनी केले.

त्यांच्याकडे कोणत्या प्रकारचे खटले असत?

पाच हजारांहून अधिक प्रकरणांत त्यांचा सहभाग आढळतो आणि त्यांत सर्वांत मोठा वाटा कर्जवसुलीचा आहे. रोख चलन दुर्मीळ होते, सगळा व्यवहार उधारीवर आणि वचनचिठ्ठ्यांवर चाले, त्यामुळे चिठ्ठी बुडवली की दावा, असे साधे गणित होते. याखेरीज जमिनीच्या हद्दी, वारसा, घटस्फोट, बदनामी, आणि दुसऱ्याच्या शेतात शिरलेली जनावरे. आज वादीचा वकील असलेला माणूस पुढच्या ठाण्यावर तशाच दाव्यात प्रतिवादीकडून उभा राही. एखाद्या ध्येयासाठी वकिली, ही कल्पना त्या वातावरणात बसत नव्हती.

गावकरी न्याय स्वतःच्या हाती घेत, हे खरे आहे का?

खरे आहे, आणि लिंकन यांना त्याची चिंता होती. १८३६ मध्ये सेंट लुइस येथे जमावाने एका कृष्णवर्णीय माणसाला जिवंत जाळले. नोव्हेंबर १८३७ मध्ये इलिनॉयमधीलच ऑल्टन येथे गुलामगिरीविरोधी संपादक एलायजा लव्हजॉय यांचा जमावाने खून केला. त्यानंतर दोनच महिन्यांनी, २७ जानेवारी १८३८ रोजी, स्प्रिंगफील्डच्या तरुणांच्या वक्तृत्व मंडळापुढे लिंकन यांनी भाषण केले. कायद्याविषयी आदर नसेल तर हा देश बाहेरच्या शत्रूमुळे नव्हे, स्वतःच्याच हाताने नष्ट होईल, असे त्यांनी सांगितले. भाषण अठ्ठावीस वर्षांच्या वकिलाला शोभेल इतके अलंकारिक आहे. मुद्दा मात्र पक्का आहे.

तीन वर्षांनी त्यांनी हाच प्रश्न स्वतःच्या गावात जवळून पाहिला. जून १८४१ मध्ये आर्चिबाल्ड फिशर नावाचा माणूस स्प्रिंगफील्डमधून नाहीसा झाला. तो ट्रेलर बंधूंबरोबर आला होता. गावात कुजबुज सुरू झाली, हेन्री ट्रेलर याला पकडून दिवसेंदिवस प्रश्न विचारण्यात आले, आणि अखेर त्याने आपल्या दोन भावांनी, म्हणजे विल्यम आणि आर्चिबाल्ड यांनी, फिशरचा खून केल्याचे सांगितले. मग सगळे गाव प्रेत शोधायला निघाले. झाडी तुडवली गेली. गिरणीचा बांध फोडून तलावातले पाणी सोडून देण्यात आले. प्रेत सापडले नाही, तरी दोघांना फाशी होणार याविषयी कोणालाच शंका उरली नव्हती.

लिंकन, लोगन आणि आणखी एक वकील आरोपींच्या बाजूने उभे राहिले. सरकार पक्षाचे साक्षीदार संपल्यावर त्यांनी डॉ. गिल्मोर यांना साक्षीला बोलावले. डॉक्टरांनी सांगितले की फिशर जिवंत असून डॉक्टरांच्याच घरी आहे, आणि डोक्याला झालेल्या जुन्या इजेमुळे त्याला अधूनमधून भ्रम होतो. आरोपी सुटले आणि थोड्याच दिवसांत फिशर स्वतः गावात हजर झाला.

लिंकन यांनी या प्रकरणाची हकीकत १९ जूनच्या पत्रात स्पीड यांना लिहिली. निर्दोष माणसे वाचल्याच्या आनंदापेक्षा गावकऱ्यांची निराशा त्यांना अधिक टिपण्याजोगी वाटली. एवढा खटाटोप करून शेवटी फाशी नाहीच, याचे एका गाडीवाल्याला फार वाईट वाटले, असे ते मिश्कीलपणे नोंदवतात. हेन्रीने खोटी कबुली का दिली, या प्रश्नाचे उत्तर मात्र त्या पत्रात नाही. दिवसेंदिवस चाललेल्या चौकशीत माणूस काय वाटेल ते कबूल करू शकतो, हे आज आपल्याला ठाऊक आहे.

पंचांगावरून जिंकलेला खटला खरोखर घडला का?

घडला. ७ मे १८५८ रोजी बियर्डस्टाउन येथे डफ आर्मस्ट्राँग या तरुणावर खुनाचा खटला चालला. न्यू सेलमच्या दिवसांत त्याच्या आईवडिलांनी, जॅक आणि हॅना यांनी, लिंकन यांना घरच्यासारखे जेवू घातले होते. ऑगस्ट १८५७ मध्ये एका धार्मिक मेळाव्याजवळ रात्री मारामारी झाली आणि मेट्झकर नावाचा माणूस मेला. चार्ल्स ॲलन या साक्षीदाराने सांगितले की रात्री अकराच्या सुमारास सुमारे दीडशे फुटांवरून, डोक्यावरच्या चंद्राच्या प्रकाशात, आपण वार होताना पाहिला. लिंकन यांनी उलटतपासणीत त्याच्याकडून चंद्राचा मुद्दा पुन्हा पुन्हा वदवून घेतला आणि मग पंचांग पुढे केले. त्या वेळी चंद्र मावळतीकडे झुकलेला होता. ज्युरीने आरोपीला निर्दोष ठरवले, आणि लिंकन यांनी हॅनाकडून फी घेतली नाही. पंचांग बनावट होते अशी आवई नंतर उठली, पण खगोलीय गणिताने पंचांग बरोबर असल्याचे दाखवले आहे. चंद्र खाली होता म्हणजे आर्मस्ट्राँग निर्दोष होता, असे मात्र सिद्ध होत नाही. साक्षीदार विश्वासार्ह नाही, एवढेच सिद्ध झाले आणि वकिलाचे काम तेवढेच होते.

त्यांची फी किती असे?

साधारणपणे पाच ते वीस डॉलर. सर्वांत मोठी फी इलिनॉय सेंट्रल रेल्वे कंपनीच्या प्रकरणातली. कंपनीच्या सनदेनुसार तिने राज्याला उत्पन्नाचा ठरावीक हिस्सा द्यायचा आणि इतर करांतून तिला सूट होती, तरी मॅक्लीन काउंटीने तिच्या मालमत्तेवर कर बसवला. १८५३ मध्ये लिंकन यांनी आधी शेजारच्या शँपेन काउंटीच्या अधिकाऱ्याला पत्र लिहून, या वादात माझ्या वकिलीवर पहिला हक्क तुमचा, तुम्ही मला नेमत नसाल तर मी कंपनीकडे जातो, असे कळवले. अखेर ते कंपनीकडून लढले आणि १८५६ मध्ये जिंकले. त्यांनी ५,००० डॉलर मागितले, कंपनीने टाळाटाळ केली, तेव्हा त्यांनी १८५७ मध्ये आपल्याच अशिलावर दावा लावून रक्कम वसूल केली. त्यांचे घर १,५०० डॉलरचे होते, यावरून तिचे मोल कळेल. त्यानंतरही ते त्याच कंपनीची कामे करत राहिले.

गुलामगिरीच्या खटल्यांत ते कोणत्या बाजूला होते?

दोन्ही. १८४१ मध्ये बेली विरुद्ध क्रॉमवेल या अपिलात त्यांनी असा युक्तिवाद केला की नॅन्स नावाची स्त्री मुक्त राज्यात, म्हणजे गुलामगिरीला बंदी असलेल्या राज्यात, राहते, म्हणून तिच्या विक्रीपोटी लिहून दिलेली वचनचिठ्ठीच रद्दबातल आहे. न्यायालयाने तो मान्य केला. १८४७ मध्ये मात्र कोल्स काउंटीत त्यांनी रॉबर्ट मॅटसन या केंटकीच्या मालकाचे वकीलपत्र घेतले. मॅटसन आपल्या इलिनॉयमधील शेतावर गुलाम आणत असे, आणि जेन ब्रायंट व तिची चार मुले त्याच्या ताब्यातून निसटली होती. लिंकन हरले आणि ते कुटुंब मुक्त झाले.

वकिलाने येईल त्या पक्षकाराचे काम करावे, हा त्या काळचा रिवाज होता, असे त्यांचे समर्थक सांगतात. ते खरे आहे, पण पुरेसे नाही. १८३७ मध्ये विधिमंडळात गुलामगिरी अन्यायावर उभी आहे असे लेखी नोंदवणारा हा माणूस दहा वर्षांनी एका आईला आणि तिच्या मुलांना परत गुलामगिरीत पाठवण्यासाठी युक्तिवाद करत होता. रिवाजाचे कारण पुढे केल्याने हा विरोध मिटत नाही.

घरसंसार कसा होता?

४ नोव्हेंबर १८४२ रोजी केंटकीतील सधन घराण्यातल्या मेरी टॉड यांच्याशी त्यांचे लग्न झाले. विवाह लावणारे पाद्री चार्ल्स ड्रेसर यांच्याकडूनच त्यांनी १८४४ मध्ये घर विकत घेतले. त्यांच्या मालकीचे हे एकमेव घर. चार मुलगे झाले, त्यांपैकी एडवर्ड १८५० मध्ये, चौथे वर्षही पुरे होण्याआधी वारला. लिंकन फेरीवर असत तेव्हा वर्षातले कित्येक आठवडे घर मेरी यांनी एकट्याने सांभाळले. चरित्रांत त्यांच्या रागाविषयी जेवढे लिहिले जाते, तेवढे याविषयी लिहिले जात नाही.

तरुण वकिलांना त्यांनी काय सल्ला दिला?

व्याख्यानासाठी काढलेली त्यांची टिपणे उपलब्ध आहेत. पत्रव्यवहार तुंबू देऊ नये, शक्य तेथे शेजाऱ्यांना तडजोडीला राजी करावे, खर्च आणि वेळ धरला तर नावापुरता जिंकलेला पक्षकारही बऱ्याचदा हरलेलाच असतो, आणि फी शक्यतो सगळी आगाऊ घेऊ नये, नाहीतर कामातला रस जातो, हे त्यातले मुख्य मुद्दे. प्रामाणिक वकील होणे जमत नसेल तर वकिली सोडून प्रामाणिक राहावे, असेही ते सांगतात.

मुलाच्या मुख्याध्यापकांना त्यांनी लिहिलेले प्रसिद्ध पत्र याच काळातले आहे का?

महाराष्ट्रातल्या असंख्य शाळांच्या भिंतींवर चौकटीत लावलेले ते पत्र लिंकन यांच्या संकलित लेखनात कोठेही आढळत नाही आणि अभ्यासक ते त्यांचे मानत नाहीत. थोरला मुलगा रॉबर्ट १८५९ मध्ये हार्वर्डच्या प्रवेशपरीक्षेत नापास झाल्यावर एक्झिटर येथील शाळेत गेला, एवढी गोष्ट खरी.

आज यातले काय पाहता येते?

स्प्रिंगफील्डमध्ये लिंकन यांचे घर राष्ट्रीय स्मारक म्हणून जपले आहे. जुने विधानभवन आणि लिंकन व हर्नडन यांची कचेरी ज्या इमारतीत होती ती इमारतही तेथेच आहे. आठव्या मंडळातली माउंट पुलास्की आणि मेटामोरा येथील न्यायालये उभी आहेत. ज्यांना कागदपत्रांत रस आहे त्यांच्यासाठी लिंकन यांच्या वकिलीतील दावे, कैफियती आणि आदेश यांचा संग्रह संगणकीकृत होऊन सर्वांना खुला झाला आहे. पहिल्यांदाच पाहणाऱ्याने आर्मस्ट्राँगच्या खटल्याकडे धाव न घेता एखाद्या काउंटीतील एका हंगामाचे वचनचिठ्ठ्यांचे दावे ओळीने वाचावेत.